पोटॅशियमच्या खुणेची सत्तर वर्षं

रक्तदाब वाढला की बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: नेमकं कारण सापडत नाही, गोळी चालू ठेवा, मीठ कमी करा. या गठ्ठ्यातून एक ठोस कारण 1950च्या दशकात बाहेर पडलं. त्यानंतर जे घडलं ते मोठं चमत्कारिक आहे. ज्या खुणेमुळे हा आजार सापडला, त्याच खुणेनं तो पुढे अनेक वर्षं झाकून ठेवला.

सुरुवात झाली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात. सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट अधिवृक्क ग्रंथीचा अर्क उंदरांना देऊन त्यांच्या लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियम मोजत होते. सोडियम राखणारं आणि पोटॅशियम बाहेर टाकणारं काहीतरी त्या अर्कात होतं. बाझेलच्या टाडेयस राइखस्टाइन यांच्या मदतीनं 1953 साली ते स्फटिकरूपात हाती आलं. तेच अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांच्याकडे 34 वर्षांची एक स्त्री आली. स्नायू अधूनमधून लुळे पडायचे, हातांना पेटके यायचे, रक्तदाब चढलेला आणि रक्तातलं पोटॅशियम फारच खाली. दुसऱ्या महायुद्धात कॉन यांनी उष्ण हवेत सैनिकांचं शरीर घामातलं मीठ कसं वाचवतं याचा अभ्यास केला होता. त्यामुळे त्यांनी या बाईंचा घामही तपासला. त्यात सोडियम अगदीच कमी निघालं. उन्हात राबणाऱ्या माणसाचं शरीर मीठ धरून ठेवतं तसं हे शरीर विनाकारण धरून ठेवत होतं. कित्येक महिने मोजमापं घेतल्यावर डिसेंबर 1954 मध्ये शस्त्रक्रिया झाली. दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढायच्या असं ठरलं होतं, पण सर्जनच्या हाताला उजव्या ग्रंथीतली गाठ लागली. ती काढल्यावर क्षारांचं बिघडलेलं गणित सुधारलं.

पेशीत काय चालतं तेही याच सुमारास उलगडू लागलं. डेन्मार्कच्या ऑर्हूस इथे येन्स स्कौ यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंतलं एक विकर दाखवलं. हे विकर म्हणजे पेशीच्या आवरणातला पंप: तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडातल्या नलिकांच्या शेवटच्या टप्प्यावरच्या पेशींत शिरतं, तिथे सोडियम आत घेणाऱ्या वाटा आणि हे पंप दोन्ही वाढवतं. लघवीत जायचं सोडियम रक्तात परततं, त्याच्यामागे पाणी येतं, आणि बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे रक्तदाब चढतो आणि स्नायू ढिले पडतात.

मग डॉक्टरांनी साहजिकच नियम केला: पोटॅशियम कमी असेल तरच हा आजार शोधायचा. त्या नियमानं रुग्ण मोजकेच सापडले आणि आजार दुर्मीळ ठरला. पोटॅशियम ठीक असतानाही हा आजार असू शकतो, असं कॉन 1960च्या दशकातच सांगत होते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत असेल, असा त्यांचा अंदाज होता. तो कुणी फारसा मनावर घेतला नाही.

चक्र फिरलं ते रक्तातल्या अल्डोस्टेरॉनची रेनिनशी तुलना सुरू झाल्यावर. मूत्रपिंडातून येणारं रेनिन हे अल्डोस्टेरॉन बनवण्याची सूचना देणारं; ते दबलेलं असताना अल्डोस्टेरॉन चढंच असेल, तर ग्रंथी कुणाचं ऐकत नाही हे उघड होतं. 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रिचर्ड गॉर्डन यांच्या गटानं पोटॅशियमची अट सोडून ही चाचणी वापरली आणि रुग्णांची संख्या एकदम वाढली. इटलीत तोरिनोच्या 2017च्या पाहणीत साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रक्तदाबाच्या 1,672 रुग्णांपैकी 5.9 टक्क्यांना हा आजार निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांचं पोटॅशियम व्यवस्थित होतं.

गाठीतल्या पेशी बेबंद का होतात, याचं एक उत्तर 2011 साली येल विद्यापीठातून आलं. अनेक गाठींत पोटॅशियमच्या वाहिनीच्या जनुकात बिघाड सापडला. फक्त पोटॅशियमसाठी असलेल्या वाटेतून सोडियम घुसतं, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि संप्रेरक बनतच राहतं.

पण संप्रेरक एकटं गुन्हेगार नाही. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठ खात नाहीत. त्यांच्या शरीरात अल्डोस्टेरॉन भरपूर असतं, तरी वयाबरोबर त्यांचा रक्तदाब चढत नाही. मीठ दुर्मीळ असताना ते वाचवणं हे या संप्रेरकाचं कामच. जेवणात मीठ मुबलक असूनही ते थांबत नाही, तेव्हा नुकसान होतं. म्हणून नुसता अल्डोस्टेरॉनचा आकडा पाहून भागत नाही. मीठ आणि रेनिन यांच्या जोडीनंच तो वाचावा लागतो.

औषधाच्या बाजूनंही अल्डोस्टेरॉनचा हात दिसला. तीन गोळ्यांनीही न जुमानणाऱ्या रक्तदाबावर ब्रिटनमधल्या 2015च्या चाचणीत बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिनपेक्षा स्पायरोनोलॅक्टोन सरस ठरलं. अल्डोस्टेरॉनला अडवणारी ही गोळी 1960च्या सुमारास बाजारात आलेली, म्हणजे इलाज हाताशी होता. तो कुणाला द्यायचा हे कळायला इतकी वर्षं गेली.

2025 साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं उच्च रक्तदाबाच्या सगळ्याच रुग्णांची अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची तपासणी करावी अशी शिफारस केली. हे पाहायला कॉन नव्हते; ते 1994 सालीच वारले. प्रत्येक गावात ही चाचणी लगेच परवडेल असं नाही. पण औषधं वाढूनही ज्यांचा बीपी ताब्यात येत नाही, त्यांच्या अहवालात 'पोटॅशियम नॉर्मल' दिसलं म्हणून फाइल मिटू नये, एवढं तर आजही करता येईल.