रॉबर्टसन, ऑस्कर
(२४ नोव्हेंबर १९३८– ). विख्यात अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू व खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. टेनेसी राज्यातील शार्लट येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म. बालपण इंडियानापोलिस शहरातील कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या वस्तीत गेले. चेंडू घेण्याची ऐपत नसल्याने रबरी पट्ट्यांनी बांधलेल्या चिंध्या घरामागील फळांच्या टोपलीत टाकून तो सराव करी. क्रिस्पस ॲटक्स या केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या विद्यालयात रे क्रो या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यास लाभले. या विद्यालयाने १९५५ व १९५६ मध्ये इंडियाना राज्याचे अजिंक्यपद मिळविले. मात्र १९५५ ची विजययात्रा शहराच्या मध्यभागी रेंगाळू न देता कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील उद्यानाकडे वळविण्यात आली.

सिनसिनाटी विद्यापीठाकडून तीन हंगाम खेळताना (१९५७–६०) त्याने दर सामन्यात सरासरी ३३·८ गुण नोंदविले व तिन्ही वर्षी देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत गुणसंख्येत अग्रस्थान मिळविले. रोम ऑलिंपिकमध्ये (१९६०) सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचा तो जेरी वेस्टसमवेत सहकर्णधार होता. त्याच वर्षी तो सिनसिनाटी रॉयल्स या व्यावसायिक संघात दाखल झाला.

बास्केटबॉलमध्ये गार्ड हा चेंडू पुढे नेऊन चढाईची आखणी करणारा खेळाडू. तो सामान्यतः संघातील ठेंगण्या खेळाडूंपैकी असे. रॉबर्टसनची उंची १·९६ मी. होती. प्रतिस्पर्ध्यास पाठीने रेटत तो बास्केटजवळ जाई व तेथून स्वतः चेंडू टाकी किंवा मोकळ्या सहकाऱ्याकडे देई. १९६१-६२ च्या हंगामात त्याने दर सामन्यात सरासरी ३०·८ गुण मिळविले, फलकावरून परतणारे १२·५ चेंडू हस्तगत केले आणि ११·४ वेळा सहकाऱ्यास गुण मिळवून देणारा चेंडू पुरविला. तिन्ही बाबतींत दोन अंकी सरासरी राखण्याच्या या विक्रमाशी २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने बरोबरी करेपर्यंत तो अबाधित होता. १९६४ मध्ये त्यास सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान लाभला. १९७० मध्ये तो मिलवॉकी बक्स संघात गेला आणि करीम अब्दुल-जब्बार याच्या साथीने १९७१ मध्ये त्याने अजिंक्यपद जिंकले. १९७४ मध्ये तो निवृत्त झाला. व्यावसायिक कारकीर्दीत नियमित हंगामांतील १,०४० सामन्यांत त्याने २६,७१० गुण मिळविले.

क्रीडांगणाबाहेरील त्याचे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. तत्कालीन करारपद्धतीत मुदत संपल्यावरही खेळाडूवरील हक्क मूळ संघाकडेच राहत असल्याने त्यास इच्छेनुसार संघ निवडता येत नसे. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष (१९६५–७४) या नात्याने रॉबर्टसनने १९७० मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल संघावर मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये दावा दाखल केला. अमेरिकन बास्केटबॉल संघ या प्रतिस्पर्धी संस्थेचे विलीनीकरण झाल्यास खेळाडूंसाठी स्पर्धा करणारा दुसरा मालकवर्गच उरणार नाही, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. हे विलीनीकरण न्यायालयाने रोखून धरले. १९७६ मध्ये तडजोड होऊन बंधनकारक कलम रद्द झाले. त्यानंतरच प्रतिस्पर्धी संस्थेचे चार संघ सामावून घेण्यात आले. संपूर्ण संघनिवडीचे स्वातंत्र्य काही खेळाडूंना १९८८ पासून मिळू लागले. त्याचा पाया या दाव्याने घातला. मात्र रॉबर्टसन स्वतः तडजोडीपूर्वीच निवृत्त झाल्याने त्याचा लाभ पुढील पिढ्यांनाच झाला. १९८० मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश करण्यात आला.