एका डॉलरचे पेटंट

पेटंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखानदार उभा राहतो. शोध एकाचा, मक्ता दुसऱ्याचा! मग विद्यापीठात या शब्दाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. उत्तरासाठी कॅनडातल्या टोरांटोला जाऊ या.

त्या काळी मधुमेह झालेले मूल म्हणजे वर्षा-दोन वर्षांचे सोबती. डॉक्टरांपाशी उपाय एकच : त्याला जवळजवळ उपाशी ठेवणे. १९२१ साली टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. तेच इन्शुलिन. जानेवारी १९२२ मध्ये ते एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचले. अर्क अशुद्ध, गुण फारसा आला नाही. बारा दिवसांनी कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला, आणि रक्तातली साखर उतरली!

आता कृती छापून मोकळे व्हावे, की नाही? त्यात दोन धोके होते. दुसऱ्याच कुणी पेटंट घेऊन खुद्द शोधकांनाच आडकाठी केली असती. शिवाय औषध मोठे नाजूक. मात्रा कमी पडली तर गुण नाही. जास्त झाली तर रोगी बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतोही. ते कुणीही, कसेही बनवून विकणे परवडणारे नव्हते.

म्हणून बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले हक्क १९२३ साली प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले. विद्यापीठाने समिती नेमली. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन जमावे म्हणून आधी, १९२२ मध्येच, एली लिली या अमेरिकन कंपनीशी करार झाला होता. तिची वर्षाची मुदत संपताच इतरांनाही परवाने मिळाले. अट एकच, पण पक्की : माल कसाला उतरला पाहिजे. परवान्यांचे उत्पन्न पुन्हा संशोधनाला लागले. पाहिलेत ना? कुलूप तेच, पण किल्ली योग्य हाती होती.

मात्र एवढ्याने काम संपत नाही. पेटंटची मुदत सरते. नव्या सुधारणा होतात, त्यांवर नवी पेटंटे निघतात. २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेत इन्शुलिन इतके महागले की काही रोगी मात्रा तोडून घेऊ लागले. २०२३ मध्ये कंपन्यांनी किमती उतरवल्या, पण तोवर अनेकांनी सोसले होते.

तेव्हा विद्यापीठाने पेटंट घ्यावे का, एवढेच विचारून भागणार नाही. परवाना देताना कोणती अट घातली, आणि औषध गरिबाच्या दारापर्यंत पोचले का, हेही तुम्ही-आम्ही विचारले पाहिजे.