जुनी मोटार घेतांना

इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट गाडीवरून बेतलेली 'प्रीमियर पद्मिनी' ही मध्यम वर्गाची मोटार पुढें याच कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत बनविली. तिचें उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलें.

बारामती-इंदापूरकडे अशी एखादी गाडी गोठ्याआड धूळ खात पडलेली आढळली आणि मालक ती स्वस्तांत देऊं लागला, तर घेणारा प्रथम इंजिन पाहतो. परंतु १०८९ घनसेंटिमीटरचें तें साधें चार सिलिंडरांचें इंजिन जाणता कारागीर बहुधा पुन्हा चालतें करूं शकतो. खरी परीक्षा पत्र्याची! या गाडीला निराळी चासी नाहीं. पत्र्याची कायाच सारा भार वाहते. म्हणून तळाचा व दाराखालचा पत्रा गंजला, म्हणजे घराचा पायाच खचला असें समजावें. रंग चढवून हें व्यंग झांकतां येतें, घालवितां येत नाहीं.

तेव्हां पायांखालचें जाजम उचला, तळ ठोकून पाहा, गाडीवरील क्रमांक नोंदणीच्या कागदांशीं ताडा, आणि मगच मोल बोला. संसारांतून शिल्लक टाकलेला पैसा गंजावर घालवूं नये, एवढेंच माझें सांगणें आहे.