चार पट पुरे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्याच्या बंदुकीवर स्कोप, म्हणजे दुर्बीण, नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत ती चालत नाही. मागच्या बारीक छिद्रातून बघूनच नेम धरायचा.

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याची गरज वेगळी. ओहायोत नोव्हेंबरचा दिवस लवकर मावळतो. हरीण कधी तीस पावलांवरच्या झुडपातून निघतं, तर कधी कापणी झालेल्या मक्याच्या शेतापलीकडे दीडशे मीटरवर उभं राहतं. दोन्ही वेळा हातात बंदूक एकच. म्हणून एक पटीपासून चार, सहा किंवा आठ पटींपर्यंत फिरवता येणारा छोटा स्कोप तिथे लोकप्रिय आहे. त्याला ‘एलपीव्हीओ’ म्हणतात. युरोपात रानडुकरांच्या हाक्याच्या शिकारीत असे स्कोप फार आधीपासून वापरले जातात.

दुकानात गेल्यावर मोह होतो तो मोठ्या आकड्याचा. अमेरिकी मरीन कोअरने २०२० साली ट्रिजिकॉनचा एक ते आठ पटींचा स्कोप निवडला. मग आपणही आठच घ्यावा, असं वाटतं. पण त्या स्कोपची किंमत हजारो डॉलरांत जाते. खिशात तीनशे डॉलर असतील, तर हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडावा लागतो.

सुरुवात उजेडापासून. पुढच्या भिंगाचा व्यास २४ मिलिमीटर धरू. त्याला पटीने भागलं, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: चार पटींना ६ मिलिमीटर, सहाला ४, आठला फक्त ३. भर दुपारी आपली बाहुली आकसलेली असते, तेव्हा ३ पुरतात. दिवेलागणीला ती मोठी होते आणि तोच स्कोप अंधुक वाटू लागतो. शिवाय झोत अरुंद झाला, की डोळा अगदी नेमक्या जागी ठेवावा लागतो. जरा हलला की कडेने काळी सावली येते. पटींचा पल्ला जितका मोठा, तितकी आतली भिंगांची रचना अवघड. स्वस्तात ती साधायची, तर काचेच्या दर्जात किंवा जोडणीच्या काटेकोरपणात तडजोड होते. त्यामुळे त्याच पैशांत एक ते चार पटींचा स्कोप बहुधा अधिक स्वच्छ दाखवतो. दीडशे मीटरवरच्या हरणाला चार पट भरपूर होतात.

दुसरी पारख एक पटीवर करायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून दाराच्या चौकटीकडे बघावं. चौकट कडेला वाकलेली किंवा उघड्या डोळ्याच्या दृश्याहून मोठी दिसली, तर जवळच्या, पळत्या जनावरावर नेम धरताना गोंधळ होणार.

नेमाच्या फुलीकडेही नीट बघावं. स्वस्त स्कोपमध्ये ती बहुतेक वेळा मागच्या नाभीय प्रतलात असते: पट बदलली तरी फुली तेवढीच राहते. एक पटीवर ती ठळक दिसते, हा फायदा. मात्र लांबच्या नेमाच्या खुणा सर्वाधिक पटीवरच खऱ्या. सहा पटींचा स्कोप तीनवर ठेवला, की दोन खुणांमधलं अंतर लक्ष्यावर दुप्पट भरतं. फुली काचेवर कोरलेली असावी, म्हणजे फुली उजळणाऱ्या दिव्याची बॅटरी संपली तरी ती काळी दिसत राहते.

डोळा आणि मागचं भिंग यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर मिळायला हवं. जोरात धक्का देणाऱ्या बंदुकीवर ते कमी पडलं, तर स्कोपची कड भुवईवर आदळते. स्कोप बसवायच्या माउंटचा खर्चही त्याच तीनशेत धरायचा. कड्या ढिल्या असतील तर उत्तम काचही नेम राखू शकत नाही.

शेवटची परीक्षा रेंजवर. बंदूक टेकवून एक गोळी झाडायची. मग नेमाची चकती वीस टिचक्या उजवीकडे फिरवून दुसरी, वीस वर नेऊन तिसरी, वीस डावीकडे आणून चौथी, वीस खाली आणून पाचवी. कागदावर चौकोन उमटतो आणि पाचवं छिद्र पहिल्याला खेटून पडायला हवं. तीनदा करूनही ते दूरच पडत असेल, तर परतीची मुदत संपण्याआधी स्कोप खोक्यात भरून दुकानात नेऊन द्यायचा.