दोन सुगरणी

उर्दूत तुम्ही ज्या पक्ष्याला 'बया' म्हणता, त्यालाच मराठीत 'सुगरण' म्हणतात. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या, घरकामात हुशार असलेल्या बाईलाही सुगरणच म्हणतात. बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारे या पक्ष्याचे घरटे, म्हणजे खोपा, पाहिला की हे नाव का पडले ते लगेच कळते. बहिणाबाई चौधरी यांची या खोप्यावरची कविता महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. मात्र एक गंमत आहे. खोपा विणतो तो नर! मराठीतले 'सुगरण' हे नाव स्त्रीलिंगी आहे आणि उर्दूतले 'बया' पुल्लिंगी. या बाबतीत उर्दूने मराठीवर मात केली, असे म्हणायला हरकत नाही.

एरवी नर व मादी दोघेही चिमणीसारखे मातकट दिसतात. पावसाळा जवळ आला की नराचे रूप पालटते. डोक्यावर हळदीसारखा पिवळा रंग चढतो आणि गाल व गळा काळपट होतो. अशी पिवळी टोपी दिसली की आपण 'बया' म्हणून मोकळे होतो. येथेच फसगत होते. भारतात सुगरणीच्या चार जाती आहेत आणि पिवळी टोपी एकट्या बयाची नाही. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो छातीवर रेघा असलेल्या सुगरणीशी. तिला आपण रेघांची सुगरण म्हणू. ती महाराष्ट्रातही आढळते, पण बयाइतकी सगळीकडे नाही.

मग ओळखायचे कसे? नजर डोक्यावरून काढून छातीवर न्या. बयाच्या नराची छाती पिवळी असते, तिच्यावर रेघा नसतात. दुसऱ्या नराची छाती फिकट पांढुरकी असून तिच्यावर काळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. डोके पाहून घाई केली, तर हा फरक निसटतो.

पक्षी उडून गेला तरी घरटे बोलते. बयाचा खोपा झाडावरून, पुष्कळदा विहिरीवर किंवा ओढ्यावर, झुलत असतो. त्याला खाली लांब नळी असते. रेघांची सुगरण बहुधा झाडाकडे जात नाही. तळ्याकाठच्या पाणकणसात व लव्हाळ्यात ती राहते. उभ्या पात्यांची टोके एकत्र गुंफून ती घरट्याचा माथा करते. तिच्या घरट्याची नळी आखूड असते.

बयाच्या संसाराचे कोडे डॉ. सलीम अली यांनी उलगडले. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी बयाच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर गवताच्या लांब पट्ट्या फाडून आणतो. त्यासाठी तो शेकडो फेऱ्या मारतो. खोपा अर्धा झाला, टोपासारखा दिसू लागला, की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत येऊन पाहणी करते. पसंत पडला तरच खोपा पुरा होतो. मग हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! झाडावर अर्धवट खोपे का लोंबतात, त्याचे कारण हेच: ते नापसंत झालेले असतात.

हा फरक कळणे का जरुरीचे आहे? एखाद्या गावात तळे साफ करताना ऐन पावसाळ्यात पाणकणीस कापले, तर रेघांच्या सुगरणीची घरटी अंड्यांसकट पाण्यात जातात. लोक म्हणतात, "सुगरणींना काय तोटा? बाभळीवर बघा किती खोपे आहेत!" पण बाभळीवर आहे तो बया. दुसरी तळ्यावरून निघून गेली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हिवाळ्यात मात्र ओळखणाऱ्याची खरी परीक्षा होते. पिवळी टोपी उतरलेली असते आणि शेतात उतरलेला सारा थवा चिमण्यांसारखा दिसतो. तेव्हाही छातीच उपयोगी पडते. रेघांच्या सुगरणीच्या मादीलासुद्धा रेघा असतात, शिवाय मानेच्या बाजूला पिवळसर डाग असतो. बयाच्या मादीची छाती साधी, मातकट असते. दुर्बीण नसेल, थवा लांब असेल, तर वहीत 'सुगरण, जात कळली नाही' एवढेच लिहावे आणि जूनमध्ये पुन्हा त्याच तळ्यावर जावे.