दोष आईचा नाही

मुलाची पाणथरी वाढते, पोट फुगते, रक्त कमी होते, हाडे दुखतात. घरात मात्र आईलाच बोल लावतात. गोशे रोगात पेशीतील चरबी पचविणारे एन्झाइम कमी पडते; त्याचे सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून येते, असे आम्ही बजावून सांगतो.

१९९१ साली अमेरिकेत यावर औषध निघाले, तेही बाळंतिणीच्या वारेतून काढलेले! १९९४ पासून ते प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत तयार होऊ लागले. साधारण दर पंधरवड्याला शिरेतून द्यावे लागते. पाणथरी उतरते, रक्त वाढते. मेंदूपर्यंत मात्र ते पोहोचत नाही.

२०२२ पासून केंद्र सरकार ५० लाखांपर्यंत मदत देते. मुंबईत केईएम रुग्णालयात चौकशी करावी. रक्कम संपली की धोरण देणगीदारांची वाट दाखवते. जन्मभराचे औषध दानावर चालावे, हे आम्हाला पटत नाही.