मिसळणाच्या डब्यातली सात घरे



गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या थोरल्या आत्या चार दिवस मुक्कामाला आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर अजून शाबूत. संध्याकाळी सूनबाईंनी आमटीला फोडणी द्यायला मिसळणाचा डबा उघडला, तशी म्हातारीने विचारले, "ही हळद कुठली गं पोरी?"

"दुकानची, आजी. पुडीतली."

"आन् आपली रानातली?"

"ती मागंच बाजारात गेली की."

आत्यांनी काचेच्या पेल्यात पाणी मागवले. त्यात चमचाभर हळद सोडली आणि पेला न ढवळता ओट्यावर ठेवून दिला. जेवणे उरकली तरी पाणी आपले पिवळेजर्द! म्हातारी म्हणाली, "घरची हळद बाजारात, आन् बाजारची घरात. ह्यो कुठला व्यवहार म्हनायचा?"

मला काही उत्तर देता आले नाही. हिशेब मांडायचा म्हणून तो डबाच पुढे ओढून बसलो. सात वाट्या, सात घरे. त्यात आपले कोण आणि पाहुणे कोण, हे पाहू लागलो, तर मोठी गंमत निघाली.

पाहुणे आले आणि घरचे झाले

पहिली वाटी मोहरीची. ही फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या जागी झालेल्या उत्खननात मोहरीचे दाणे सापडले आहेत. तापल्या तेलात पडली की दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, ती टरफल फोडून बाहेर येते आणि मोहरी तडतडते. लेकराला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात, तेव्हा होणारा आवाजही हाच.

जिरे, धने आणि मेथी ही तीन घरे पश्चिम आशिया व भूमध्य समुद्राकाठच्या पाहुण्यांची. पण ती इतक्या पूर्वी आली, की आता त्यांना पाहुणे म्हणणे शोभणार नाही. बाळंतिणीला मेथीचा लाडू आणि उन्हाळ लागले की धने-जिऱ्याचे पाणी, हे आपल्या आजीबाईच्या बटव्यातले पहिले औषध. आज जिरे मुख्यतः गुजरात-राजस्थानात पिकते आणि गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी पेठ आहे.

पाचवी वाटी हिंगाची. हिंग हा एका झाडाच्या मुळाला चिरा देऊन काढलेला चीक. ही झाडे इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या, थंड डोंगरात वाढतात. आपल्या दुकानात मिळतो तो बांधानी हिंग. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, कारण शुद्ध हिंग फार उग्र. इतकी वर्षे हिंग खाणारा आपला देश तो पूर्णपणे बाहेरून आणत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हिंगाची पहिली रोपे लावली.

सहावी वाटी तिखटाची. येथे मात्र भल्याभल्यांना धक्का बसेल. मिरची आपली नव्हे! तिचे माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या काळात, तेराव्या शतकात, महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरचीचा ठेचा नव्हता. तिखटपणा येई तो मिरी, पिंपळी आणि आल्या-सुंठीतून. नव्या फळाला आपण नावसुद्धा जुन्या मिरीवरूनच दिले. आज कांदा-लसणाच्या चटणीवाचून आपली भाकरी घशाखाली उतरत नाही! जाता जाता एक सांगतो. तिखट लागले म्हणून तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून दूध किंवा दही घ्यावे.

सातवे घर आपले

राहिली हळद. ही अस्सल आपल्या मुलखाची, दक्षिण आशियातली. हिला बी धरत नाही. कंद लावावा तेव्हाच ती येते. म्हणजे आपण आज लावतो ते बेणे हजारो वर्षे एका शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती आलेले आहे.

लग्नात पहिली हळद, सुवासिनीला हळद-कुंकू, जेजुरीला खंडोबाचा भंडारा, कापले-भाजले तर त्यावर हळद. पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीचेच. चुन्यासारख्या खारट-तुरट क्षाराशी गाठ पडली की पिवळी हळद लाल होते, हे त्यातले गुपित. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्याचेही कारण तेच.

कृष्णाकाठच्या सभासदांना हळदीचे कष्ट सांगायला नकोत. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावण, आठ-नऊ महिन्यांनी काढणी, मग गुऱ्हाळाच्या काहिलीसारख्या काहिलीत शिजवणे, दहा-पंधरा दिवस वाळवणे आणि पिंपात घोळून पॉलिश करणे. साधारण पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळलेली हळद होते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवत. आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड न लागता माल वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि पुष्कळ नुकसान झाले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला ते मिळालेले होते. आता तर हिंगोली-नांदेडकडचे शेतकरी हळदीत फार पुढे गेले आहेत.

हळदीसाठी एक लढाईही झाली. हळदीने जखम भरते, या शोधावर १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट दिले गेले. आपल्या आज्या-पणज्यांचे ज्ञान परक्याच्या नावावर! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुढे केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवून घेतले. हळद आपली, हे परक्या देशात सिद्ध झाले. मग आपल्याच डब्यात ती परकी का?

पिवळ्या रंगाची किंमत

आत्यांच्या पेल्यातली गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. शुद्ध हळद बहुतेक तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे राहिले तर रंगाची शंका घ्यावी. तिखटाचेही तसेच. पाण्यावर टाकताच रंगाचे धागे खाली उतरू लागले तर संशय घ्यावा, आणि तळाचा गाळ बोटांत चोळून खरखरीत लागला तर विटेचा भुगा असू शकतो.

पण सर्वांत घातक भेसळ या पेल्यात भरवशाने पकडता येत नाही. ती म्हणजे लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग. फिकट हळकुंडांना उजाळा यावा म्हणून तो पॉलिशच्या वेळीच चोळला जातो. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातून तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के हळदीत ही भेसळ सापडली. तेथील सरकार आणि संशोधकांनी लोकांना सावध केले, भेसळ करणाऱ्यांना दंड केले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. म्हणजे मनावर घेतले तर हे थांबते. यात शेतकऱ्यांनीही एक समजून घ्यावे. व्यापाऱ्याला झगझगीत पिवळा माल हवा असतो म्हणून रंगाचा हात मारणे, हे आपल्याच नातवंडांच्या ताटात विष कालवणे आहे. मालाला किंमत असावी ती आतल्या गुणाची. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक पुष्कळ असतात, हळकुंडाने तरी तसे होऊ नये!

मग करायचे काय?

पहिली गोष्ट सोपी. ज्यांच्या रानात हळद आहे त्यांनी माल बाजारात नेण्याआधी वर्षाला पुरतील एवढी दोन-चार किलो हळकुंडे घरात ठेवावीत. ती फोडून, ऊन दाखवून कांडप यंत्रावर दळून आणावीत. ज्यांच्याकडे हळद नाही त्यांनी शेजारच्या सभासदाकडून पॉलिश न केलेली हळकुंडे घ्यावीत. पुडीबद्दल शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट जरा मोठी. एके काळी आपण ऊस पिकवत होतो आणि भाव दुसरा ठरवत होता. १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना उभा केला, उसाची साखर आपल्या मालकीच्या गिरणीत होऊ लागली, आणि त्याच वाटेने पुढे आपला कारखानाही आला. मग हळकुंडाची पूड दुसऱ्याने का करावी? गावोगावच्या महिला बचत गटांनी एक दळण यंत्र, एक वजनकाटा आणि पुडी बांधायची सोय केली, तर सभासदाची हळद सभासदाच्याच घरी शुद्ध जाईल आणि चार पैसे बायाबापड्यांच्या हाती राहतील. अन्नपदार्थ विकायचा तर नोंदणी करावी लागते, तेवढी मात्र आधी करून घ्यावी.

आत्या परत निघाल्या तेव्हा सूनबाईंनी त्यांच्या पिशवीत नवी दळून आणलेली हळद बांधून दिली. म्हातारीने पुडी सोडून वास घेतला, चिमूटभर तळहातावर चोळली आणि एवढेच म्हणाली, "आता कसं, हळदीसारखी हळद हाय."